गावाच्या सामायिक नकाशातील भेसळ कशी काढावी?

सोयाबीनचा बीजोत्पादन प्लॉट घेणाऱ्या शेतकरी बंधूंना भेसळ काढणे म्हणजे काय हे सांगावयास नको. जांभळ्या फुलांच्या वाणात पांढऱ्या फुलांचे झाड दिसले की ते फुलोऱ्यातच उपटावे लागते. ते झाड कोणी मुद्दाम लावलेले नसते. मागील हंगामात सांडलेला दाणा, मळणी यंत्रात अडकून राहिलेले बी, पोत्यांची अदलाबदल अशा कारणांनी ते आलेले असते. परंतु तपासणीस येणारा अधिकारी ते कसे आले हे विचारीत नाही, अशी झाडे किती आहेत ते मोजतो.

गावाच्या नकाशातही अशीच भेसळ होते. येथे नकाशा म्हणजे भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा अभिप्रेत नाही. मोबाईल फोनवर रस्ता शोधण्यासाठी जे नकाशे वापरले जातात, त्यांपैकी काही एका कंपनीने केलेले नसून जगभरातील सर्वसामान्य लोकांनी मिळून केलेले आहेत. त्यांतील सर्वांत मोठा नकाशा म्हणजे 'ओपनस्ट्रीटमॅप'. या नकाशात बेवारस बिंदू, दुबार नोंदी, अर्धवट रेषा आणि आता अस्तित्वात नसलेल्या गोष्टी कशा साचतात, त्या कशा ओळखाव्यात आणि काढताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे. कृषिविद्येच्या अध्यापकाने या विषयावर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण पुढे सांगितले आहे.

सामायिक नकाशाची घडण

लंडन येथे २००४ साली स्टीव्ह कोस्ट या विद्यार्थ्याने हे काम सुरू केले. त्यावेळी इंग्लंडमधील सरकारी नकाशांची माहिती वापरण्यास पैसे मोजावे लागत. ज्याला जो रस्ता माहीत आहे त्याने तो नोंदवावा आणि सर्वांची नोंद सर्वांना मोफत वापरता यावी, ही त्यामागील कल्पना. आज विकिपीडियावरील नकाशे, 'ऑरगॅनिक मॅप्स' व 'ऑसमँड' यांसारखी इंटरनेटशिवाय चालणारी ॲप्स आणि अनेक मोठ्या कंपन्यांचे नकाशे हीच माहिती वापरतात. त्यामुळे आपल्या शिवारात एकाने मारलेली चुकीची रेघ एका ठिकाणी राहत नाही. ती अनेक फोनमध्ये जाते.

या नकाशाची रचना समजण्यास अवघड नाही. त्यात मूळ वस्तू तीनच आहेत. पहिली बिंदू, म्हणजे अक्षांश व रेखांश असलेली एक जागा. दुसरी रेषा, म्हणजे क्रमाने जोडलेले अनेक बिंदू. रस्ता, ओढा, कालवा या रेषा असतात. शेततळे किंवा इमारत ही स्वतःशीच येऊन मिळणारी बंद रेषा असते. तिसरी वस्तू म्हणजे अनेक बिंदू व रेषा एकत्र बांधणारा संबंध. बसचा मार्ग किंवा तालुक्याची हद्द याकरिता तो वापरतात. ही वस्तू कशाची आहे हे सांगण्यासाठी तिला जी चिठ्ठी लावतात तिला टॅग म्हणतात. टॅगला दोन भाग असतात, प्रकार आणि त्याची किंमत. उदाहरणार्थ, शेतात जाणाऱ्या गाडीवाटेला 'हायवे' या प्रकारात 'ट्रॅक' अशी चिठ्ठी लागते. पाणंदीला हायवे म्हणताना आपल्याला हसू येते, परंतु त्या नकाशात पायवाटेपासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत सर्वांना तोच शब्द आहे.

ही घडण ध्यानात ठेवल्यास भेसळ कोठे होते हे लगेच कळते. चिठ्ठी नसलेला आणि कोणत्याही रेषेत किंवा संबंधात नसलेला बिंदू म्हणजे बेवारस बिंदू. चिठ्ठी नसलेली रेषा म्हणजे बिननावाची रेषा. एकाच जागी एकावर एक बसलेले दोन बिंदू म्हणजे दुबार बिंदू. यांपैकी पहिला प्रकार सर्वांत जास्त आढळतो, पण अपाय सर्वांत कमी करतो. सर्वाधिक अपाय करणारा प्रकार म्हणजे न जुळलेला सांधा. तो पाहून ओळखता येत नाही.

आमच्या हातून झालेली चूक

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी खरीप हंगामात गावात जाऊन राहतात, हे अनेक वाचकांना माहीत आहे. गावच्या चावडीपुढे रांगोळीने गावाचा नकाशा काढण्याचा कार्यक्रमही आपण पाहिला असेल. २०२३ च्या खरिपात माझ्याकडे असलेल्या गटाने रांगोळीबरोबर संगणकावरील सामायिक नकाशातही गावाची माहिती भरावी, असे मी सुचविले. मुलांनी उत्साहाने विहिरी, वस्त्या, ओढे, पाणंदी भरल्या. मी त्यांचे काम पडताळून पाहिले नाही. अहवालास गुण दिले आणि विषय संपविला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका वस्तीवर रात्री गाय व्यायला अडली. तालुक्याच्या गावी नव्यानेच आलेल्या पशुवैद्यकांना फोन गेला. ते फोनवरील नकाशा पाहून निघाले. नकाशाने त्यांना ज्या वाटेने नेले ती ओढ्याच्या काठी जाऊन संपली. पाऊस झालेला होता, ओढ्याला पाणी होते. गाडी वळवून, विचारत विचारत ते वस्तीवर पोहोचले तेव्हा बराच वेळ गेला होता. गाय वाचली, वासरू दगावले.

दुसऱ्या आठवड्यात मी वस्तीवर गेलो. गायीचे मालक वयस्कर आहेत. ते म्हणाले, "सर, पोरांचा दोष नाही. पण रेघ मारायच्या आधी मला एकदा विचारायला पाहिजे होतं." थोड्या वेळाने त्यांनीच फोन माझ्यापुढे धरला. "आणि हे बघा. नकाशात माझ्या दोन विहिरी दिसतात. उन्हाळ्यात दुसरीचं पाणी कुणीकडून उपसू?"

परत आल्यावर मी त्या शिवाराची माहिती उघडून पाहिली. उपग्रह चित्र उन्हाळ्यातील होते. त्यात ओढा कोरडा होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंस असलेला रुंद बांध एका सरळ वाटेसारखा दिसत होता. एका विद्यार्थ्याने त्यावर वाटेची रेघ मारली होती. ही एक चूक. दुसरी चूक त्याहून लहान आणि त्याहून वाईट. वस्तीकडे जाणारी खरी पाणंद दुसऱ्या विद्यार्थ्याने बरोबर काढली होती, परंतु तिचे टोक डांबरी रस्त्याला चिकटले नव्हते. दोन-तीन मीटरचे अंतर राहिले होते. पडद्यावर ती जोडलेली दिसत होती. रस्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने मात्र त्या पाणंदीवर जाण्यास वाटच नव्हती. म्हणून तिने बांधावरून नेले.

सांधा का महत्त्वाचा

कालव्याचा पाट आणि शेतातील दांड यांत वीतभर माती राहिली तर पाणी दांडात जात नाही. नकाशातील रस्त्यांचेही तसेच आहे. दोन रेषा एकमेकींना मिळाल्या असे यंत्रणा तेव्हाच मानते, जेव्हा एकच बिंदू दोन्ही रेषांत असतो. रेषा एकमेकींवरून गेल्या तरी सामायिक बिंदू नसेल तर तेथे वळता येत नाही. आणि एकाच जागी दोन वेगवेगळे बिंदू एकमेकांवर बसले असतील, एक या रेषेचा व एक त्या रेषेचा, तरीही वळता येत नाही. हा शेवटचा प्रकार डोळ्याला अजिबात दिसत नाही, कारण कितीही मोठे करून पाहिले तरी अंतर शून्यच असते.

याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण अमेरिकेत घडले. तेथील जनगणना विभागाने रस्त्यांची माहिती तयार केलेली होती. तिला 'टायगर' असे नाव आहे. २००७ व २००८ साली ही सर्व माहिती एकदम या सामायिक नकाशात ओतण्यात आली. रिकाम्या नकाशात एकदम सगळा देश आला खरा, परंतु ती माहिती जनगणनेसाठी गोळा केलेली होती, वाहन चालविण्यासाठी नव्हे. ग्रामीण भागात शेतघरापर्यंत जाणारी खाजगी वाट आणि शेतातील गाडीवाट यांनाही वस्तीतील रस्त्याचा दर्जा मिळाला. जेथे दोन काउंट्यांची हद्द होती तेथे रस्ते एकमेकांना जोडले गेले नाहीत, कारण प्रत्येक काउंटीची माहिती वेगळी आलेली होती. त्या नोंदींवर 'तपासले नाही' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली होती. ती चिठ्ठी असलेले रस्ते आजही तेथील स्वयंसेवक एक एक करून तपासत आहेत. माहिती ओतण्यास जो वेळ लागला त्याच्या कित्येक पटीने वेळ ती साफ करण्यास लागला, हे यातून दिसते.

आपल्या देशातही असेच एक पेरणीचे काम त्याच काळात झाले. २००७ साली 'ए.एन.डी.' या नेदरलँडमधील कंपनीने आपल्या जवळची रस्त्यांची माहिती या नकाशास दिली. त्यात नेदरलँडबरोबर भारत व चीन येथील मुख्य रस्तेही होते. भारतातील काही जुन्या रस्त्यांवर व गावांच्या बिंदूंवर या कंपनीच्या नावाने सुरू होणारे क्रमांक आढळतात ते यामुळेच. ही देणगी चांगलीच होती. परंतु असा क्रमांक असलेला रस्ता दिसला आणि तो उपग्रह चित्रातील रस्त्यापासून सरकलेला असला, तर तो जुन्या माहितीचा अवशेष समजून जागेवर आणावा. पुसून नवा काढू नये.

बेवारस बिंदू कोठून येतात

शेतकऱ्याला तणाचे मूळ माहीत असल्याशिवाय नियंत्रण होत नाही. हरळी वरून खुरपली तर पुन्हा फुटते. म्हणून कारणे थोडी विस्ताराने पाहू.

एक कारण असे. कोणीतरी चुकीचा रस्ता पुसतो. रेषा जाते, पण तिचे बिंदू मागे राहतात. नवीन संपादन साधने रेषेबरोबर तिचे निकामी बिंदूही काढतात, त्यामुळे हा प्रकार आता कमी झाला आहे. परंतु जुन्या नोंदींत तो आढळतो. शेतातून एका ओळीत, सारख्या अंतराने पडलेले बिंदू दिसले तर तेथे पूर्वी एखादी रेषा होती असे समजावे.

दुसरे कारण आपल्या भागात जास्त लागू पडते. ते म्हणजे मध्येच तुटणारे इंटरनेट. काम मध्यवर्ती संगणकाकडे पाठविताना आधी बिंदू जातात, मग त्यांना जोडणाऱ्या रेषा जातात. माहिती तुकड्यातुकड्यांनी पाठवीत असता बिंदू पोहोचले आणि संपर्क तुटला, तर रेषा येथेच राहतात व बिंदू तिकडे बेवारस पडतात. कधी याच्या उलट होते. सर्व काम व्यवस्थित पोहोचते, पण पोहोचल्याची पावती आपल्याकडे येण्यापूर्वी संपर्क तुटतो. आपण काम गेले नाही असे समजून पुन्हा पाठवितो. मनीऑर्डर पोहोचली, पावती मात्र हरवली आणि आपण दुसरी मनीऑर्डर केली, असा हा प्रकार आहे. त्या वस्तीवरील दोन विहिरींचे मूळ हेच होते. एका विद्यार्थिनीने गावातील मंदिराच्या पायरीवर बसून, जेथे संपर्क मिळतो तेथून, एकच काम दोनदा पाठविले होते. तिची चूक म्हणता येणार नाही. हे मी तिला सांगावयास हवे होते.

म्हणून संपर्क तुटल्यास लगेच दुसऱ्यांदा पाठविण्याचे बटण दाबू नये. थोडा वेळ थांबावे, संकेतस्थळावर आपल्या नावाच्या पानावर जावे आणि आपल्या बदलांच्या यादीत शेवटचा बदल आला आहे का ते पाहावे. आलेला असल्यास त्या शिवाराची माहिती नव्याने उतरवून घेऊनच पुढील काम करावे.

तिसरे कारण म्हणजे शिकाऊ हात. 'टेस्ट', 'माझे घर', 'अबक' अशा नावांचे बिंदू प्रत्येक तालुक्यात सापडतात. नवीन माणूस हा नकाशा आपल्या वहीसारखा समजतो. आपण केलेली खूण साऱ्या जगाला दिसणार आहे याची त्याला कल्पना नसते. अशा माणसास रागावू नये. बदलाखाली अभिप्राय लिहिण्याची सोय असते. तेथे दोन ओळी लिहून त्यालाच ती खूण काढण्यास सांगितले तर पुढे तोच चांगला मदतनीस होतो.

आणखी एक प्रकार संकटकाळी होतो. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर जगभरातून हजारो लोकांनी घरबसल्या तेथील घरे व वाटा या नकाशात काढल्या. मदत पथकांना त्याचा उपयोग झाला. अशा कामात शेजारच्या चौकोनात दोघे एकाच वेळी काम करीत असतील तर सीमेवरील घरे दोनदा निघतात. दोन्ही नोंदी प्रामाणिक असतात. ठेवावी मात्र एकच लागते.

भेसळ शोधण्याची साधने

मोबाईलवर लहान दुरुस्त्या करता येतात, परंतु सफाईचे काम संगणकावरच करावे. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर 'संपादन' निवडल्यास 'आयडी' नावाचे साधन उघडते. त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. त्याच्या उजव्या बाजूस तक्रारींची यादी असते. सुरुवातीस ती फक्त आपण केलेल्या बदलांतील चुका दाखविते. 'सर्व काही' असा पर्याय निवडल्यावर पडद्यावरील संपूर्ण भागातील चुका दिसतात. न जोडलेला रस्ता, जवळजवळ जोडलेला सांधा, एकमेकांस छेदणारा रस्ता व ओढा, चिठ्ठी नसलेली रेषा या सर्व येथे सापडतात. बहुतेक गावांना एवढे साधन पुरेसे आहे.

गावात संगणकाचे चांगले ज्ञान असलेला मुलगा किंवा मुलगी असल्यास 'जोसम' हे साधन वापरावे. त्यात एका चौकटीतील सर्व माहिती आपल्या संगणकावर उतरवून घेता येते आणि तपासणीचे बटण दाबले की चुका व इशारे असे गट करून मिळतात. चिठ्ठी नसलेला, बिंदू प्रकारचा आणि कोणत्याही रेषेचा भाग नसलेला, असे तीन निकष एकत्र देऊनही शोध घेता येतो. त्यात 'दुरुस्त करा' असे एक बटण आहे. ते सर्व चुकांवर एकदम दाबू नये. तणनाशक जसे पीक पाहून मारतो तसे एकेक चूक उघडून पाहावी. आणखी एक दक्षता म्हणजे आपण उतरवून घेतलेल्या चौकटीबाहेरील बिंदूंना हात लावू नये. तो बिंदू ज्या दुसऱ्या रेषेत आहे ती रेषा आपल्याकडे आलेलीच नसते, म्हणून तो बेवारस असल्याचा भास होतो.

'ऑस्मोज' नावाच्या संकेतस्थळावर अशा चुका नकाशावर रंगीत खुणांनी दाखविल्या जातात. आपल्या तालुक्यात साधारण काय स्थिती आहे हे पाहण्यास ते चांगले आहे.

काढण्याची पद्धत

बिंदू बेवारस आहे असे दिसले तरी लगेच काढू नये. प्रथम त्याचा इतिहास पाहावा. प्रत्येक वस्तू कोणी, केव्हा व कोणत्या बदलात टाकली हे संकेतस्थळावर नोंदलेले असते. कालच टाकलेला असेल तर कोणाचे तरी काम चालू आहे असे समजावे व काही दिवस थांबावे. दोन-चार वर्षांचा जुना असेल, आजूबाजूस तशाच आणखी बिंदूंची ओळ असेल आणि उपग्रह चित्रात तेथे नांगरलेल्या रानाशिवाय काही नसेल, तर तो काढण्यास हरकत नाही. एखाद्या बिंदूवर माहितीचा स्रोत किंवा वापरलेल्या साधनाचे नाव एवढीच चिठ्ठी असते. अशा चिठ्ठीने तो बिंदू कशाचा आहे हे कळत नाही, म्हणून त्यालाही बेवारसच धरावे. मात्र 'येथे विहीर असावी, तपासा' अशी टीप असल्यास तो बिंदू म्हणजे कोणीतरी ठेवलेला निरोप आहे. तो जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय काढू नये.

दुबार नोंदीत कोणती ठेवावी याचा नियम असा की जुनी ठेवावी आणि नवीन नोंदीतील जास्तीची माहिती जुनीवर घ्यावी. त्यामुळे त्या वस्तूचा इतिहास तुटत नाही. नवीन नोंद अधिक अचूक जागी असेल तर जुना बिंदू सरकवून तेथे न्यावा. विहिरीच्या बाबतीत लक्षात ठेवावे की साध्या मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. उसात, केळीच्या बागेत किंवा आंब्याखाली उभे राहून घेतलेली जागा त्याहून जास्त चुकते. त्यामुळे दहा मीटरवरील दोन विहिरी म्हणजे बहुधा एकच विहीर. पण बहुधाच. भावाभावांच्या वाटणीनंतर शेजारी शेजारी खोदलेल्या दोन विहिरी आपण सर्वांनी पाहिलेल्या आहेत.

सांधा जोडताना रेषेचे टोक ओढून रस्त्यावर आणले म्हणजे काम झाले असे नाही. ते रस्त्याच्या रेषेवर नेल्यावर तेथे नवीन सामायिक बिंदू तयार झाला का ते पाहावे. रस्ता ओढा ओलांडत असेल तर तेथे पूल आहे, मोरी आहे की गाडी पाण्यातूनच जाते, हे नोंदवावे. पाण्यातून जाणारी वाट वेगळ्या चिठ्ठीने दाखविता येते. आमच्या विद्यार्थ्यांनी ओढ्यावर काहीच नोंदविले नव्हते. तेथे ती चिठ्ठी असती तरी पशुवैद्यकांना निघण्यापूर्वी अंदाज आला असता.

एका वेळी एका शिवाराचेच काम करावे व पाठविताना काय केले हे मराठीत का होईना, एका ओळीत लिहावे. 'दुबार विहीर काढली, पाणंद डांबरी रस्त्यास जोडली' एवढे पुरते. संपूर्ण तालुक्यातील शेकडो बिंदू यंत्राने एकदम काढण्याचा विचार असेल तर इतर नकाशाकारांशी आधी चर्चा करणे या प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे आवश्यक आहे. न विचारता केलेला असा बदल उलटविला जातो. चुकून चांगली वस्तू काढली गेली तर मात्र घाबरू नये. जुनी आवृत्ती जतन असते व ती परत आणता येते.

जागेवर जाऊनच ठरविता येणाऱ्या गोष्टी

येथपर्यंतचे काम दूर देशात बसलेला माणूसही करू शकतो, आणि करतो. परंतु त्याला वरून दिसते तेवढेच दिसते. शेणाने सारवलेले गोल खळे त्याला विहिरीसारखे दिसते. पांढरे शेडनेट त्याला मोठी इमारत वाटते. सांगली भागातील बेदाण्याची शेड त्याला कारखाना वाटते. प्लॅस्टिक अंथरलेले शेततळे उन्हाळ्यात रिकामे असेल तर त्याला ते काय आहे हेच कळत नाही. बुजविलेली विहीर, वाहून गेलेला बंधारा, धरणात गेलेली जुनी वाडी, मोडलेला गोठा यांची नोंद नकाशात वर्षानुवर्षे राहते. हीसुद्धा भेसळच, आणि ती फक्त गावचा माणूस काढू शकतो. ज्यांना संगणक वापरता येत नाही त्यांनी संकेतस्थळावर त्या जागी टीप लिहावी. 'ही विहीर बुजविली आहे' एवढी टीप दुसऱ्या कोणास दुरुस्तीसाठी पुरते.

शिवार फेरी एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी. त्यावेळी रान मोकळे असते, वाटा दिसतात, आणि माणसांनाही सवड असते. पुढे पावसाळ्यात एकदा, ओढ्यांना पाणी असताना, फक्त ओलांडण्याच्या जागा पाहून याव्यात. आम्ही २०२४ च्या मे महिन्यात त्या गावात अशी फेरी केली. चिठ्ठी नसलेले शंभरावर बिंदू निघाले, आणि न जुळलेले सांधे अनेक. गायीचे मालक सर्व वेळ बरोबर होते. प्रत्येक वाटेवर उभे राहून ते ही पाणंद कोणत्या महिन्यात चालते आणि कोणत्या महिन्यात चालत नाही हे सांगत होते. त्यातील बरीचशी माहिती मला कृषिविद्येच्या वर्गातही उपयोगी पडली.

काही सावधगिरीच्या सूचना

गट नंबर, खातेदाराचे नाव किंवा शेताची मालकी या नकाशात भरू नये. त्यात नोंदलेल्या बांधास किंवा वाटेस कायद्याचा आधार नाही. शेजाऱ्याने वाट अडविल्यास नकाशातील रेघ दाखवून उपयोग होत नाही. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. बांधावरून नवीन वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली अर्ज असतो. हद्दीचा वाद असल्यास मोजणीच आणावी. तसेच, वाट प्रत्यक्षात आहे पण मालकास ती नकोशी आहे, म्हणून नकाशातून पुसणे योग्य नाही. खाजगी वाट असेल तर खाजगी अशी चिठ्ठी लावावी.

दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे किंवा रस्ते उतरवून घेऊ नयेत. त्यांचे हक्क राखीव असतात व अशा नोंदी पुढे काढून टाकाव्या लागतात. संपादन साधनात जी उपग्रह चित्रे दिलेली असतात तीच वापरावीत. देशाच्या व राज्याच्या हद्दींच्या रेषांना, त्या कितीही वेड्यावाकड्या दिसल्या तरी, नवशिक्याने हात लावू नये. गावांची व वस्त्यांची नावे लोक जशी उच्चारतात तशी देवनागरीत शुद्ध लिहावीत.

दुरुस्ती केल्यावर ती संकेतस्थळावर बहुधा थोड्याच वेळात दिसते. फोनमध्ये उतरवून घेतलेला नकाशा मात्र जुनाच राहतो. ॲपमध्ये नवीन नकाशा आल्यावर तो पुन्हा उतरवून घ्यावा लागतो, आणि हे गावात सर्वांना, विशेषतः दूध गाडीचे चालक, ऊसतोडणीचे मुकादम व पशुवैद्यक यांना आठवणीने सांगावे. आमच्या त्या गावात पाणंद जोडून झाल्यावर बरेच दिवसांनी एक टेम्पो पुन्हा ओढ्याच्या काठी जाऊन थांबला होता. चालकाच्या फोनमध्ये नकाशा २०२३ चाच होता.